क्राकूवमधलं जेवण: सूप घ्या, मासा विसरा

पोलंडमध्ये मेनूकार्डावर माशाच्या किमतीशेजारी बारीक अक्षरांत '१०० ग्रॅ.' दिसलं, तर ती किंमत आख्ख्या माशाची नसते. आम्ही २९ झ्वॉटीचा (झ्वॉटी हे तिथलं चलन) सांदाच नावाचा मासा मागवला आणि बिलात त्याचे २३२ झ्वॉटी लागले. मागवताना वेटरला विचारलं होतं, दोघांना पुरेल ना? तो हसून म्हणाला, अगदी बरोबर पुरेल. मासा ८०० ग्रॅमचा आहे हे त्या हसण्यात कुठे नव्हतं. मी एका झ्वॉटीला २३ रुपये असा हिशोब करत होते, म्हणजे एका माशाला पाच हजारांच्या वर. हॉटेलचं नाव देत नाही, कारण ही एकाच हॉटेलाची गोष्ट नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या तळलेल्या माशांच्या टपऱ्यांवर वजनाचा दर सर्रास असतो, तिथले लोक आधी वजन विचारतात. तुम्हीही विचारा. मासा तराजूवर ठेवून आकडा सांगायला लावा आणि मगच हो म्हणा.

आता बाकीचं.

आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. आई पूर्ण शाकाहारी. बाबा कोल्हापूरचे, मटणावर वाढलेले, पण डुक्कर नको, गोमांस नको आणि बदकाकडे बघून 'हे नको बाई' म्हणाले, म्हणून मासा. सकाळी क्राकूवजवळच्या वियेलिच्काची मिठाची खाण पाहिली होती. ती बघायलाच हवी, त्यावर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. फक्त आत मिळून आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यातल्या सुरुवातीच्या ३८० सलग उतरायच्या, आणि वर यायला लिफ्ट असली तरी गुडघ्यांचा हिशोब तोवर झालेला असतो. त्याच संध्याकाळी अशा हॉटेलात टेबल राखू नका. तिथे जेवण दोन-अडीच तास चालतं, दोन पदार्थांच्या मध्ये वीस मिनिटं जातात, आणि मूल टेबलावर डोकं टेकून झोपतं. शिवाय क्राकूवची निम्मी जुनी हॉटेलं तळघरात. आमचं टेबल वर मिळालं, पण टॉयलेट खाली, दगडी गोल जिन्याने. बाबा एकदा उतरले आणि परत येऊन म्हणाले, ''आता खाणीत परत पाठवू नका मला.''

आमचं हॉटेल क्राकूवच्या काझिमिएशमध्ये, जुन्या ज्यू वस्तीत. याच भागातल्या एका रेस्टॉरंटला २०२३ मध्ये मिशेलिन या हॉटेलांना दर्जा देणाऱ्या पुस्तिकेचे दोन तारे मिळाले, पोलंडमध्ये पहिल्यांदाच. तिथलं जेवण आमच्या खिशाबाहेरचं. पण आसपासच्या गल्ल्यांत आठ-दहा टेबलांची लहान हॉटेलं आहेत, जिथे तरुण स्वयंपाकी आजीच्या हातचे पदार्थ घेऊन त्यांची मोडतोड करतात. मोडतोड हे मी कौतुकाने म्हणतेय. पोलंडमध्ये १९८१ ते १९८९ मांस रेशनवर होतं. त्या पिढीने कोबी, बीट, बटाटा आणि राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) यांतून जे काढलं, तेच आता मातीच्या सुंदर वाडग्यात येतं आणि ३५ झ्वॉटी घेतं.

सूप मात्र जबरदस्त. झुरेक म्हणजे राईचं पीठ पाण्यात चार-पाच दिवस आंबवून केलेलं आंबट सूप. आईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, ''अगं, ही तर आंबील!'' बरोबरच होतं. एरवी यात सॉसेज आणि अंडं असतं. इथे शाकाहारी मागितल्यावर वाळवलेल्या रानअळंब्यांच्या पाण्यावर केलेलं आलं, वर तिखट मुळ्याचा फेस आणि मेथी-मोहरीसारखं काही नाही, फक्त मारजोरम हा सुगंधी पाला. मी तरी तिथे फक्त यासाठी परत जाईन. दुसरं ह्वॉदनिक, बीट आणि केफिर, म्हणजे ताकासारखं आंबवलेलं दूध, यांचं थंडगार गुलाबी सूप. ते उन्हाळ्यातच मिळतं. यांनी त्यात काकडीचं सरबत गोठवून टाकलं होतं. वर शेपू. शेपू सगळीकडेच. बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, लोणच्याच्या बरणीत शेपूच्या काड्या. आमचा मुलगा घरी शेपूची भाजी बघून ताट सरकवतो, त्याने गुलाबी रंगाच्या नादात वाटी संपवली. घरी गेल्यावर याचा उपयोग होईल असं वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

टेबलावर बसल्या बसल्या ब्रेड येतो. सोबत पांढरा, मऊ गोळा, लोण्यासारखा. तो लोणी नसतो, स्मालेत्स असतो: डुकराची चरबी वितळवून गोठवलेली, आत तळलेल्या चरबीचे कण. आईंची सुरी त्यात शिरायच्या आत मी वाडगं ओढलं. वेटर काही सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नाही. पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, बटाटा आणि त्वारूग या ताज्या चीजच्या सारणाच्या असल्या तरी वर बेकनचे तुकडे पडतात. बार्श्च हे बिटाचं पारदर्शक सूप दिसायला निरागस, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यावर उकळलेलं. आणि 'मांस नको' एवढंच सांगू नका. तिथे ख्रिसमसच्या आदल्या रात्री उपासाचं बिनमांसाचं जेवण असतं आणि त्यात कार्प आणि हेरिंग हे मासे असतात. म्हणजे मासा हा मांसात धरत नाहीत. ''बेझ मिएंसा, बेझ रिबी, बेझ स्मालत्सू'' असं तिन्ही वेगवेगळं म्हणा: मांस नको, मासा नको, चरबी नको. कागदावर लिहून नेलंत तर आणखी बरं.

आईंसाठी मग कुट्टूच्या दाण्यांच्या सारणाच्या पिएरोगी आल्या, वर करपवलेलं लोणी आणि आंबवलेला आलुबुखारा. चांगल्या होत्या, सहाच होत्या. नवऱ्याने बदक खाल्लं आणि बोलला नाही, म्हणजे आवडलं. आंबवलेल्या कोबीच्या पानात बार्ली आणि अळंबी गुंडाळून केलेला पदार्थ मी घेतला. नको. दिसायला चित्र, चवीला नुसता कोबी. शेवटी राईच्या ब्रेडचं आईस्क्रीम. ते मात्र चुकवू नका, ब्रेडचं आईस्क्रीम ऐकून नाक मुरडलं तरी.

आता पुन्हा बिल, कारण माझा राग अजून गेलेला नाही. पाच सुपं १७५, तीन मुख्य पदार्थ १९५, दोन आईस्क्रीम ६४, पाण्याच्या दोन बाटल्या २४, आणि तो मासा २३२. झाले ६९०. त्यावर दहा टक्के सेवा, ६९. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर तळाशी 'पाच किंवा जास्त जणांसाठी' असं होतं. नऊ वर्षांचं, अर्धं झोपलेलं मूलही त्यात एक माणूस. एकूण ७५९. मग कार्डचं यंत्र पुढे आलं आणि त्यावर पुन्हा टिपचे तीन पर्याय. सेवा आधीच लावली असेल तर शून्य दाबा, लाजू नका. नंतर यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की झ्वॉटीत? झ्वॉटीच. रुपये दाबलेत तर दर ते ठरवतात, आणि तो कधीच तुमच्या बाजूचा नसतो. पाण्यासाठी बाटली उघडण्याआधी नळाचं पाणी मागा. क्राकूवचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण हॉटेलने ते द्यायलाच हवं असं नाही, तोंड वाकडं करतील.

बिल भरल्यावर बाबांनी वेटरला वळिवड्याबद्दल सांगितलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर तिथे सिंधी लोक आले आणि त्याचं गांधीनगर झालं. वेटर विशीतला, त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याने मनापासून ऐकलं, आत जाऊन स्वयंपाक्यालाही सांगितलं. माशाचे पैसे काही कमी झाले नाहीत.

जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा. अशा बऱ्याच ठिकाणी दुपारचं ठरावीक जेवण असतं, सूप आणि एक पदार्थ, रात्रीच्या जवळपास निम्म्या भावात. त्यात सूप तेच असतं. आणि वाटेत रस्त्यावर ऑस्त्सिपेक हे मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज हिवाळ्यात विकताना दिसलं तर ते बहुधा गाईच्या दुधाचं असतं. खरं साधारण मे ते सप्टेंबर बनतं, तेव्हा भाव करण्याआधी महिना बघा.

रोजच्या जेवणासाठी बार म्लेच्नी शोधा, सरकारी अनुदानावर चालणारी साधी खानावळ. काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, खाऊन झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं. आम्ही पाचजण तिथे रात्रीच्या त्या माशापेक्षा कमी पैशांत पोटभर जेवलो. पिएरोगीवरचं बेकन तिथेही काढून मागा.