खोदायचा गेम दोघांनी कसा खेळायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

"आमचा गेम तयार आहे. जमिनीखाली खोदायचं, खनिज वर आणायचं आणि राक्षसांची लाट आली की तळ वाचवायचा. एकट्याने खेळायला मजा येते. आता मल्टिप्लेअर टाकायचंय, तर कुठली लायब्ररी (तयार कोडचा संच) घेऊ?" गेम करायला लागलेल्या मंडळींकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. लायब्ररीचं उत्तर सोपं आहे, खाली येईलच. पण या जातीचे गेम नेटवर्कपाशी पोचण्याआधीच हिशेबात अडकतात.

नमुना म्हणून 'डोम कीपर' घेऊ. बिपिनबिट्स या जर्मन स्टुडिओने तो गोडो या गेम बनवायच्या इंजिनवर केला आणि सप्टेंबर २०२२मध्ये बाजारात आणला. मूळ कल्पना एप्रिल २०२१च्या 'लुडम डेअर ४८' या गेम-जॅममधली, म्हणजे थोड्या वेळात गेम करायच्या स्पर्धेतली. काचेचा घुमट, खाली खाण. लोखंड, पाणी, कोबाल्ट ओढत वर आणायचं; जितकं जास्त ओढाल तितकी चाल मंद. वर लाट यायची वेळ झाली की सगळं टाकून घुमटात धावायचं आणि लेझर हातात घ्यायचा. गंमत कशात आहे? माणूस एक आणि कामं दोन, यात. "आणखी एक ढेकूळ फोडू की आता निघू?" हा प्रश्न म्हणजेच तो गेम. दुसरा खेळाडू आला की हा प्रश्नच उरत नाही. एक जण बंदुकीवर बसतो, दुसरा निवांत खोदतो.

आकड्यांत बघा. एक फेरी ९० सेकंदांची धरू: ६० सेकंद खोदकाम, ३० सेकंद लढाई. एकट्याला फेरीमागे ६० सेकंद खोदायला मिळतात. दोघे असतील तर पहिला ६० सेकंद खोदून लढायला जातो आणि दुसरा पूर्ण ९० सेकंद खालीच राहतो. एकूण १५० सेकंद, म्हणजे अडीच पट. शिवाय खाली राहणाऱ्याची दर लाटेला वर येण्याची खेपही वाचते, आणि खाण खोल झाली की ती खेपच सगळ्यात महाग असते. म्हणून "खेळाडू दोन, तर राक्षसांची ताकद दुप्पट" हा पहिला तोडगा कामाचा नाही. कमाई अडीच पट होते, दुप्पट ताकदीचे राक्षस मारायला ३०ऐवजी ६० सेकंद लागतात, आणि ते ६० सेकंद एकच माणूस तेच बटण दाबून बसतो. दुसऱ्याला लाट येऊन गेल्याचंही कळत नाही.

ताकद वाढवण्यापेक्षा कामं वाढवा. लाट दोन्ही बाजूंनी आणा आणि दोन बंदुका अशा लावा की एकीचा मारा दुसरीच्या बाजूला पोचणार नाही. किंवा दर तिसऱ्या लाटेला काही किडे थेट खाणीत सोडा, म्हणजे खालचाही कामाला लागेल. नकाशा थोडा रुंद करा. एकाच उभ्या बोगद्यात दोघे असले की एकमेकांच्या पायात येतात. 'डीप रॉक गॅलॅक्टिक'ने हे फार छान सोडवलंय. २०२०मध्ये पूर्ण रूपात आलेल्या या चौघांच्या खाणकाम-गेममध्ये स्काउट या पात्राला छताजवळचं खनिज दोरीने गाठता येतं, पण तिथे उभं राहायला जागा नसते. इंजिनिअर खालून फलाट मारतो, मग स्काउट त्यावर टेकून फोडतो. दोघांपैकी कोणालाही हे एकट्याने धड जमत नाही. दारूगोळ्याची पेटी मागवायला लागणारं ८० नायट्रा (खाणीतलंच एक खनिज) सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून जातं, म्हणून "आता मागवू की थांबू?" यावर आपोआप बोलणं होतं. साठा सामाईकच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. वेगवेगळ्या पिशव्या दिल्या की दोघे मित्र शेजारी बसून एकेकटे खेळतात.

आता प्रकार निवडू. सगळ्यांना आधी एका घुमटातलं सहकार्य हवं असतं, पण तांत्रिकदृष्ट्या तोच सगळ्यात अवघड प्रकार. दोनच माणसांची टीम असेल तर आधी स्पर्धा करा: दोघांना एकाच सीडवरून (ज्या आकड्यावरून खाण बनते तो) सारखी खाण, प्रत्येकाचा घुमट वेगळा, जादा लोखंड खर्च करून समोरच्याकडे राक्षस पाठवायचे. इथे दोन जगं एकमेकांना शिवत नाहीत. तारेवरून जातं ते एवढंच: माझ्या घुमटाची उरलेली ताकद, गाठलेली खोली, आणि "तुला चार उडते पाठवले". सेकंदाला दोन-तीन छोटे संदेश पुरतात आणि ३०० मिलिसेकंद पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) असलं तरी कोणाला कळत नाही. तोटा एकच, प्रत्येकाचं खरं-खोटं त्याच्याच मशीनवर ठरतं, म्हणून फसवाफसवी सोपी. मित्रांत चालून जातं, जागतिक क्रमवारी मात्र यावर लावू नका.

सहकार्यच हवं असेल तर आधी ते एकाच पडद्यावर, दोन गेमपॅडवर करा. २०१९पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर 'रिमोट प्ले टुगेदर' आहे. गेम एकाच मशीनवर चालतो, मित्राला चित्र जातं आणि त्याची बटणं परत येतात. नेटवर्कच्या कोडची एक ओळ न लिहिता लांबच्या माणसाबरोबर खेळता येतं, आणि वरचा हिशेब जमलाय की नाही ते नेटवर्कवर महिने घालवण्याआधीच कळतं. खाणीत दोघे दोन टोकांना जातात, तेव्हा कॅमेरा एकच ठेवू नका. पडदा उभा दुभागा. आडवा दुभागला तर खोली दिसत नाही.

आणि मग खरं नेटवर्क. दोन मार्ग आहेत. पहिला लॉकस्टेप: फक्त बटणं पाठवायची आणि प्रत्येक मशीनने तोच गेम हुबेहूब चालवायचा. 'फॅक्टोरिओ' असाच चालतो, १९९७चा 'एज ऑफ एम्पायर्स'ही असाच चालायचा. डेटा अगदी कमी लागतो, पण पहिल्या दिवसापासून सगळं तंतोतंत नियमबद्ध लागतं. गोडोचं भौतिकशास्त्र वेगवेगळ्या मशीनवर शेवटच्या दशांशापर्यंत तेच उत्तर देईल याची हमी नाही. एका ढेकळाची जागा किंचित हलली की थोड्या वेळाने दोन पडद्यांवर दोन निराळे गेम चालू असतात. तयार गेमवर हे चढवायला जाऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे होस्टची सत्ता: एकाचं मशीन (होस्ट) सांगेल ते खरं, बाकीचे (क्लायंट) विचारतात आणि दाखवतात. हाच घ्या.

डेटाची भीती बाळगू नका. ६० रुंद आणि १५० खोल खाणीत ९,००० टाइल (चौकोनी घरं). खोदली की नाही यासाठी टाइलमागे एक बिट धरलं तर १,१२५ बाइट, म्हणजे सगळी खाण एका पॅकेटात (नेटवर्कवरून एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्यात) मावते. अर्धवट फुटलेल्या टाइलची यादी वेगळी: दोन बाइट जागा, एक बाइट उरलेली ताकद. मूळ खाण पाठवायचीच नाही. सीड पाठवा आणि प्रत्येकाने आपापली बनवावी. मात्र बनवून झाल्यावर चेकसम (सगळ्या टाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. खाण बनवणाऱ्या नॉइज फंक्शनमध्ये दशांश असले तर एखादी टाइल इकडे दगड आणि तिकडे कोबाल्ट निघू शकते. चेकसम जुळला नाही तर पूर्ण नकाशा पाठवून द्या, टाइलमागे एक बाइट धरून ९ किलोबाइट होतो. राक्षसांचं सांगायचं तर ८० राक्षस, प्रत्येकी ८ बाइट (क्रमांक २, जागा ४, स्थिती १, ताकद १), म्हणजे ६४० बाइट. सेकंदाला २० वेळा पाठवले तर एका क्लायंटमागे सुमारे १३ किलोबाइट. कुठलाही मोबाइल डेटा हे पेलतो. ही पॅकेटं 'अनरिलायबल ऑर्डर्ड' (पोचण्याची हमी नाही, जुनं उशिरा आलं तर टाकून देतात) ठेवा, एखादं हरवलं तर पुढचं येतंच आहे. टाइल फुटणं, खरेदी, खनिज उचलणं हे मात्र 'रिलायबल' (हमखास पोचणारं), आणि वेगळ्या चॅनेलवर. दुसऱ्या खेळाडूची आणि राक्षसांची हालचाल १०० मिलिसेकंद मागे दाखवून दोन नमुन्यांच्या मधली जागा भरून काढा, नाहीतर सगळे उड्या मारत चालतील.

या गेमचं नाक मात्र कुदळ. समजा होस्ट पुण्यात आहे आणि त्याची बहीण न्यू जर्सीत. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद अटळच. वळसे धरून २००च्या वर धरा. बहिणीची कुदळ टाइलला लागल्यावर संदेश पाठवलात तर "फुटली" हे उत्तर २०० मिलिसेकंदांनी येतं आणि ती तेवढा वेळ भिंतीला नाक लावून उभी. मऊ मातीच्या दहा टाइलमागे दोन सेकंद वाया, आणि "गेम जड वाटतो" अशी तक्रार. उपाय असा: संदेश कुदळ उगारताना पाठवायचा, लागल्यावर नाही. उगारण्याचं ॲनिमेशन १५० मिलिसेकंदांचं असेल तर उत्तर फक्त ५० मिलिसेकंद उशिरा येतं. आवाज, धूळ आणि तडा क्लायंटने लगेच स्वतःच दाखवायचा. टाइल नाहीशी करायची ती होस्टने हो म्हटल्यावरच. आतलं खनिज क्लायंटने कधीच बाहेर काढू नये. दोघांनी एकाच वेळी ढेकूळ फोडलं तर दोघांच्या पडद्यावर दोन कोबाल्ट दिसतात, आणि एक गायब झालं की भांडण होतं.

स्वतःची चाल मात्र क्लायंटच्याच हाती द्या. सहकार्यात कोणाला भिंतीतून जाऊन काय मिळवायचंय! मागे ओढत आणलेल्या खनिजाचंही तसंच. दोरीचं लोंबणं-आपटणं तारेवरून पाठवू नका. "हे १७ नंबरचं ढेकूळ खेळाडू दोनच्या मागे" एवढंच होस्टने सांगावं, लोंबकळणं ज्याचं त्याने चितारावं.

यादृच्छिक (रँडम) आकड्यांचे प्रवाह वेगळे ठेवा: खाणीचा एक, लाटांचा एक, धूळ-ठिणग्यांचा एक. एकच प्रवाह असला आणि कोणी ग्राफिक्स 'लो'वर ठेवून ठिणग्या बंद केल्या की त्याच्याकडचे पुढचे सगळे आकडे सरकतात. लाटेचं घड्याळ दर सेकंदाला पाठवू नका. "लाट ५,४०० व्या टिकला" (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका) असं एकदा सांगितलं की पुरे. खरेदीही विनंतीनेच: साठ्यात १० लोखंड आहे आणि दोघांनी एकाच क्षणी ८-८ची वस्तू घेतली, तर होस्ट पहिली मान्य करेल. दुसऱ्याला "आत्ताच खर्च झालं" असं स्पष्ट दिसलं पाहिजे, नुसतं बटण मुकं राहून चालत नाही.

लायब्ररी? गोडो ४मध्ये ईनेट (संदेश पोचवणारी लायब्ररी) आणि आरपीसी (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावण्याची सोय) आत आहेतच, चाचणीला तेवढं पुरे. पण आपल्याकडे बरेचसे मोबाइल आणि काही ब्रॉडबँड कनेक्शन सामाईक आयपीमागे (अनेकांत मिळून एकच इंटरनेट पत्ता) असतात; तिथे "माझा आयपी टाक आणि जोड" चालत नाही, राउटरवर पोर्ट उघडूनही नाही. त्यामुळे स्टीमची लॉबी (खेळाडू जमण्याची जागा) आणि त्यांचा रिले (संदेश मधून पोचवणारा सर्व्हर) घ्या. मुंबई आणि चेन्नईत त्यांची ठाणी आहेत. गोडोस्टीम हे प्लगिन ते काम करतं. जोडणीच्या पहिल्या संदेशात गेमचा बिल्ड (आवृत्ती) क्रमांक तपासा, जुळला नाही तर आत घेऊ नका. होस्ट मध्येच गेला तर खेळ चालता ठेवण्याचं अवघड काम सध्या सोडून द्या. दर लाट संपली की पूर्ण स्थितीची प्रत सगळ्यांना पाठवा, म्हणजे उरलेल्यांपैकी कोणीही तिथून नवी लॉबी उघडू शकेल. उशिरा येणाऱ्यालाही हीच प्रत लागते, पण त्याला लाटेच्या मध्ये नाही, संपल्यावर आत सोडा.

चाचणी एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून केलीत तर सगळं गोड दिसतं, कारण पिंग शून्य. लिनक्सवर नेटेम, विंडोजवर क्लम्झी हे मुद्दाम नेटवर्क बिघडवणारं साधन लावून १०० मिलिसेकंद उशीर, २० मिलिसेकंद चढउतार आणि २ टक्के गळती (हरवणारी पॅकेटं) ठेवा. नेटेम लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) लावलात तर उशीर जाताना आणि येताना असा दोनदा लागतो, म्हणजे पिंग २०० होतं, हे लक्षात ठेवून आकडा घाला.

राहिला एकट्याचा गेम. त्याच्यासाठी वेगळा कोड ठेवू नका, तोही "होस्ट, क्लायंट शून्य" असाच चालवा. वेगळा ठेवलात तर दर दुरुस्ती दोनदा करावी लागेल आणि एक बाजू कायम मागे राहील. फरक पडतो तो थांबवण्यात. अपग्रेडची यादी उघडली की एकट्याचं जग गोठतं, तसं दोघांत गोठवता येत नाही. एकाने यादी उघडली म्हणून दुसऱ्याची कुदळ हवेत अडकून कशी चालेल? तेव्हा क्लायंट शून्य असतील तरच गोठवा. दोघे असताना यादी पडद्याच्या एका कडेला उघडा, तिच्यामागे खाण दिसत राहू द्या आणि लाट यायला दहा सेकंद उरले की तिच्यावर लाल पट्टी आणा.