वाड्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका

पुण्यातल्या कसबा, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत दुरुस्ती म्हटली की पहिली गोणी सिमेंटची येते. तिथेच घात होतो. जोत्यातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंटखाली ती अडते, विटांना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि भिंतीतला सागवानी खांब तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) कुजू लागतो. वरून मात्र सगळं गुळगुळीत!

सिमेंट हलक्या हाताने खरवडा, सांधे 15-20 मिमी कोरा, भिंत भिजवा. निदान दोन आठवडे पाण्यात मुरलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 2 भाग, सुर्खी (भाजलेल्या विटांची पूड) 1 भाग. या गिलाव्याचा थर 10-12 मिमीचाच; जाड थर हमखास तडकतो. आठवडाभर ओलं गोणपाट बांधा. ठेकेदार घाई करेल, करू दे. रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंटने ओल पुन्हा कोंडते.