एस्प्लनेड मॅन्शन: आत न जाता केलेली पाहणी

दक्षिण मुंबईत काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, म्हाडाने २०१९ मध्ये रिकामे करून घेतले. २००५ मध्ये या इमारतीच्या सज्जाचा भाग रस्त्यावर कोसळून एकाचा बळी गेला होता, हे लक्षात घेता पहारेकऱ्याला चहापाणी देऊन आत शिरण्याचे जे सल्ले काही जण देतात, ते मला बेजबाबदार वाटतात. शिवाय त्याची गरजही नाही, कारण या इमारतीचे वैशिष्ट्य असलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा दर्शनी भागातच उघडा आहे.

इंग्लिश अभियंते रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केलेल्या या सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणले गेले आणि १८६० च्या दशकात येथे जोडले गेले. खांब आणि तुळया भार पेलतात, मधल्या विटांच्या भिंती केवळ भराव आहेत. समोरच्या वाहनतळाच्या पलीकडील कडेला उभे राहून छोटी दुर्बीण लावली, की खांबाला तुळई जिथे भेटते तो सांधा दिसतो आणि ही रचना कागदावर वाचण्यापेक्षा लवकर उमगते. जुन्या छायाचित्रांत प्रत्येक मजल्यावर दिसणारे मोकळे, रुंद सज्जे पुढे भाडेकरूंनी जमेल तसे बंद करून घेतले. मागेच सत्र न्यायालय असल्याने या भाडेकरूंत वकिलांची कार्यालये पुष्कळ होती. ही डागडुजीही इतिहासच आहे. ती वगळून फक्त बिडाचे खांब टिपणाऱ्यांशी माझे पटत नाही.

दर्शनी बाजू पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन थेट तिच्यावर पडते, आणि रविवारी वाहनेही कमी असतात. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून चालत जाता येते. इमारतीलगतच्या पदपथावर मात्र रेंगाळू नये. जवळून वर रोखलेल्या कॅमेऱ्यात खांब तिरके दिसतात, म्हणून लांबूनच, कॅमेरा शक्य तितका सरळ धरून छायाचित्रे घ्यावीत. न्यायालयाच्या दिशेने कॅमेरा वळवू नये आणि ड्रोन तर घरीच ठेवावा, कारण मुंबईत त्याला पोलिसांची परवानगी लागते. प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, उभे राहण्याची जागा, इमारतीची बाजू आणि मजला लिहून ठेवला, तरच पुढच्या वर्षी तेथूनच छायाचित्र घेऊन पडझडीची तुलना करता येते. आयआयटी मुंबईच्या अहवालाने २०१९ मध्ये इमारत पाडण्याची शिफारस केली होती, तर वारसा जतनाच्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे म्हटले होते. अशा वादात दिनांकित नोंदींना मोल असते.

आतल्या दालनांसाठी कागदपत्रांचा आधार घ्यावा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला, आणि त्याच्या जाहिराती व बातम्या तत्कालीन वृत्तपत्रांत शोधता येतात. त्याच रांगेतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख कार्यालय आहे. ते सुट्टीच्या दिवशी बंद असल्याने छायाचित्रांसाठी रविवार आणि कागदपत्रांसाठी कामाचा दिवस, असे दोन वेगळे फेरे ठरवावेत. कार्यालयात जाताना ओळखपत्र आणि संशोधनाचा हेतू सांगणारे पत्र सोबत ठेवावे.