तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या तळघरात का नाहीत?

पणजीत फ्लॅट बघायला आलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. सात मजले चढवलेत, मग तळमजला खांबांत आणि गाड्यांत का घालवलात? मुंबई-पुण्याकडे दोन-दोन तळघरं असतात, इथे एक जमत नाही? पैसे वाचवले असणार, हे उत्तर विचारणाऱ्याने मनात आधीच लिहिलेलं असतं.

खाडीकाठच्या प्लॉटवर माती तपासायला बोअर घेतला की वर जांभ्याच्या दगडांचा भराव लागतो आणि त्याखाली शिंपल्यांचे तुकडे असलेली काळी, मऊ माती. पावसाळ्यात पाणी एका मीटरवर येतं. राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या जाड काँक्रीट लादीच्या, तळापर्यंत चार मीटर खणलं, तर तळघर म्हणजे तीन मीटर पाण्यात बसवलेली रिकामी पेटी. पाणी तिला दर चौरस मीटरला तीन टनांनी वर ढकलतं. 600 मिलिमीटर राफ्टचं वजन भरतं दीड टन. वरचे तीन-चार स्लॅब पडेपर्यंत पंप एक रात्रही थांबवता येत नाहीत.

हा हिशोब मला तेव्हाही येत होता. तरीही अशाच एका प्लॉटच्या नकाशात मी तळघर काढलं होतं. भोवती शीट पाइल, म्हणजे कडीत कडी अडकवलेले पोलादी पत्रे, ठोकून पाणी अडवायचं, आतलं उपसायचं. कागदावर सगळं बसत होतं. पण भरावातल्या जांभ्याच्या एका मोठ्या धोंड्यावर पाइल अडलं, तिरकं गेलं आणि दोन पत्र्यांमधली कडी सुटली. फट जमिनीखाली होती, वरून दिसली नाही. पंप मात्र दुप्पट पाणी ओढू लागले, आणि पाणी गढूळ येऊ लागलं. गढूळ पाणी म्हणजे बाहेरची मातीही आत येते आहे.

पहिल्यांदा कळलं ते शेजारच्या आजींना. "आमच्या बांयचं पाणी खाली गेलंय, कळशीला दोरी पुरत नाही." त्यांच्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर शेवाळाची ओली रेघ होती आणि पाणी तिच्याखाली दोन हात उतरलेलं. आठवड्याभरात स्वयंपाकघराची खिडकी लागेना. चिऱ्याच्या भिंतीतली भेग वाढते का ते बघायला तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली, ती तिसऱ्या दिवशी तडकली.

कारण सरळ आहे. पाण्याची पातळी जितके मीटर उतरते, तितके टन दर चौरस मीटरला खालच्या मातीवर वाढतात. आमच्या खड्ड्यात राफ्टला उचलणारं पाणी उपसून आम्ही तोच भार शेजारणीच्या जोत्याखाली टाकत होतो. पंप बंद केले आणि खड्डा मुद्दाम भरू दिला. विहिरीचं पाणी परतलं. भेगा मिटल्या नाहीत, कारण दबलेली चिकणमाती पाणी आलं म्हणून पूर्वीसारखी फुगत नाही.

तर पार्किंग वर आलं. ते स्वस्त पडतं असं समजू नका. तीन गाड्यांना खांबांमध्ये साडेसात मीटर मोकळे लागतात, वरच्या खोल्यांना साडेतीन-चार. खांब जुळवायचे तर खोल्या वाकड्या होतात, नाही जुळवले तर दीड मीटर खोल तुळया. शिवाय भिंती नसलेला तळमजला भूकंपात इमारतीचा सर्वांत दुबळा मजला ठरतो, म्हणून लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या भिंती. त्या तुम्हाला "मध्येच आलेल्या" वाटतात.

पण तुमची एक तक्रार मला खोडता येत नाही. जुन्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा सोपा, रस्त्याकडे तोंड करून बसलेला असायचा, आता रस्त्याला गेट आणि गाड्यांचे बंपर दिसतात. तळघर होतं त्या नकाशात पुढे दोन दुकानं आणि बसायला कट्टा होता. तो नकाशा अजून मला जास्त आवडतो. खड्ड्याला पाणी न गळणारी काँक्रीटची भिंत खालच्या कठीण थरापर्यंत नेली असती तर जमलं असतं का? कदाचित. त्या लहान प्लॉटवर ती भिंत खणणारं यंत्र उभं करायलाच जागा नव्हती.

पणजीतल्याच आल्तिनो टेकडीच्या जांभ्यात कुणी तळघर मागितलं तर मी नाही म्हणणार नाही. आधी बोअरचा रिपोर्ट बघेन, आणि शेजारच्या विहिरीत दोरी सोडून पाणी मोजेन.