काका खाली गेले आणि ब्लॅक हलला

२ ऑक्टोबर २००८. सार्वजनिक जागी सिगरेट ओढायला त्या दिवसापासून देशभर बंदी आली, आणि गांधी जयंतीची सुट्टी म्हणून आमचं पूल पार्लर दुपारीच भरलं. पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथला मार्कर. बॉल लावायचे, स्कोअर ठेवायचा, कापडाला ब्रश मारायचा.

मालकांनी सकाळीच ॲशट्रे गोळा करून गोणीत भरले आणि दारावर ६० बाय ३० सेंटिमीटरचा बोर्ड ठोकला. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव बोर्डावर लागतं. ते त्यांनी माझं टाकलं! दंड २०० रुपयांपर्यंत.

खरी गोची स्नूकरच्या टेबलावर. पूलचा डाव झटपट संपतो. स्नूकरमध्ये समोरचा ब्रेक करत, म्हणजे एकामागून एक बॉल घालत बसला की आपण खुर्चीत हात चोळत बसायचं. सिगरेट त्याच वेळेची. टेबलाच्या लाकडी काठावरचे काळे चटके त्याच सवयीचे.

संध्याकाळी आमचे एक जुने काका आणि कॉलेजचा एक पोरगा खेळत होते. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. सहा पॉइंटचा पिंक आणि सातचा ब्लॅक एवढेच बॉल उरलेले, काका आठ पॉइंटनी पुढे. त्यांचा पिंक हुकला, तसे ते चडफडत खाली टपरीवर गेले. पोरगा टेबलावर आडवा होऊन नेम धरत होता, तेवढ्यात त्याच्या शर्टाची बाही ब्लॅकला घासली. बॉल जेमतेम बोटभर सरकला.

मी म्हटलं, "फाउल. सात."

"काय भाऊ, कुठे लागलं?"

फाउलचे पॉइंट समोरच्याला जातात, त्या सातने सगळंच फिरत होतं. काका पंधराने पुढे जाणार आणि टेबलावर उरलेले पॉइंट तेराच. बाकीच्या टेबलांवरची पोरं गोळा झाली, पण पाहिलं होतं मी एकट्याने. एरवी काका खुर्चीतून डोळा हलवत नसत. तोंडात सिगरेट, नजर बॉलवर. तेव्हा असला वाद कधी झालाच नाही.

काका वर आले, सगळं ऐकलं. "मार्कर खोटं बोलणार नाही," म्हणाले, "पण मी बघितलं नाही त्याचे पॉइंट मी घेत नाही. खेळ रे." मी ब्लॅक आधी होता तिथे ठेवला. पोराने पिंक घातला, मग कुशनलगतचा ब्लॅकही. मान खाली घालून, पण घातला.

पैसे देताना मात्र काका अडले. "खाली होतो तेवढी मिनिटं कापा."

"मीटर धूर काढायला थांबत नाही, काका," मालक म्हणाले. म्हणजे या बंदीत गल्ला वाढतच होता. तरी रोजची भांडणं नकोत म्हणून त्यांनी नवा नियम केला: फ्रेम, म्हणजे डाव, चालू असताना खाली गेलात तर फ्रेम गेली. पहिला विरोध अर्थातच काकांचा.