तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, ते नऊ जण आमचे नव्हते

लिस्बनमध्ये राहतो आणि बेलेनेन्सेस या फुटबॉल क्लबचा सभासद आहे, एवढं म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला. "तो कोरोनात अकराऐवजी नऊ जणांनी सामना खेळलेला क्लब तुमचाच ना?" ऑफिसात विचारतात, दिवाळीच्या फराळाला जमलेली मराठी मंडळी विचारतात, कोल्हापूरचा मित्र तर फोन उचलल्या उचलल्या, "मर्दा, नऊ जणांत खेळतोय व्हय तुझा क्लब?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त लागतो: पहिल्या डिव्हिजनमधली टीम सोडून सहाव्या डिव्हिजनच्या मागे कुठला शहाणा माणूस जातो?

आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

2012 मध्ये क्लबने आपल्या फुटबॉल कंपनीचे 51 टक्के शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकले. 2018 च्या उन्हाळ्यात क्लब आणि कंपनी यांच्यातला करार संपला आणि वाटणी झाली. खेळाडू, कोच आणि पहिल्या डिव्हिजनमधली जागा कंपनीकडे गेली. रेस्तेलोचं मैदान, निळ्या जर्सीवरचा लाल क्रूस, रग्बी-हँडबॉलचे संघ आणि आम्ही सभासद क्लबकडे राहिलो. कंपनीचा संघ जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळू लागला. क्लबने लिस्बन जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये नाव घातलं. पुढे कोर्टाने कंपनीला जुनं नाव आणि चिन्ह वापरायला बंदी केली, तेव्हापासून तो संघ बी-साद. नऊ जण खेळले ते बी-सादचे. झालं तुमचं उत्तर.

पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, कारण बातम्यांमध्ये, गुणफलकांवर आणि त्या सामन्याच्या व्हिडिओखाली नाव आमचंच होतं.

27 नोव्हेंबर 2021, शनिवारची रात्र. समोर लिस्बनचाच बलाढ्य क्लब, बेनफिका. बी-सादमध्ये कोरोना पसरलेला आणि सामना पुढे ढकललेला नाही. का नाही, यावर कंपनी आणि लीग नंतर एकमेकांकडे बोटं दाखवत राहिल्या. मी लिस्बनच्या अजुदा भागातल्या एका कॅफेत होतो. आमच्या आसपास वर्षानुवर्षं सभासद असलेले म्हातारे बसलेले. मैदानात नऊच जण उतरले, आणि त्यातला एक, जुआंव मोंतेइरो, मुळात गोलकीपर; त्याला गोल सोडून मैदानात खेळायला उभं केलेलं. पहिल्याच मिनिटाला त्यांनी आपल्याच जाळ्यात बॉल घातला. आमच्यातल्या कुणीतरी टाळी वाजवली.

खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या गोलपर्यंत मला बरं वाटत होतं. आमचं नाव, आमची जागा घेऊन गेलात, आता भोगा, हे असलं बरं वाटणं. तीन वर्षं ते साठलेलं होतं. पण पाचव्या गोलनंतर कॅफेतला पोऱ्या, जो स्वतः बेनफिकाचा, तोसुद्धा काउंटर पुसत खाली बघत राहिला. तो मोंतेइरो कुठे उभं राहावं हे न कळून इकडून तिकडे पळत होता. तो काही 2018 साली आमच्याशी भांडला नव्हता. त्यातल्या कुणीच आमचं काही नेलं नव्हतं. त्यांना एका कंपनीने नोकरी दिली होती आणि त्या रात्री त्यांना कामावर बोलावलं होतं.

हाफटाइमला 7-0. ब्रेकनंतर सात जण बाहेर आले. थोड्याच वेळात मोंतेइरो खाली बसला. सातापेक्षा कमी खेळाडू असले तर सामना चालू ठेवता येत नाही, रेफरीने तिथेच थांबवला.

कॅफेत एक बेनफिकावाला हळहळून म्हणाला, "बिचारे बेलेनेन्सेस." त्यावर माझ्या शेजारचे आजोबा उठून उभे राहिले आणि ओरडले, "बेलेनेन्सेस चौथ्या डिव्हिजनमध्ये आहे!" आपला क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये आहे हे इतक्या अभिमानाने ओरडणारा माणूस त्या रात्री अख्ख्या शहरात दुसरा नसेल. सगळे हसले. मीही हसलो. त्यांना हसू आलं नाही. घरी पोचेपर्यंत फोनवर कोल्हापूरहून व्हिडिओ यायला लागले होते.

तेव्हापासून हे "आमचे नव्हते" मी इतक्यांदा म्हटलंय की मलाच कधीकधी ते कोर्टातल्या जबानीसारखं वाटतं.

कोल्हापूरकरांना मी एका उदाहरणात समजावतो. उद्या कुणी पैसेवाल्याने शिवाजी तरुण मंडळाची अकराच्या अकरा पोरं उचलली आणि भलत्याच गावात त्याच नावाने उतरवली, तर शिवाजी पेठ कुणाच्या मागे जाईल? उत्तर लगेच येतं: पेठेतल्या पोरांच्या. बरं. पण मित्र खवचट आहे. "शाहू स्टेडियमवर आता पेठेतली पोरं किती असतात रे? बाहेरनं आणलेलेच निम्मे." तेही खरं. खेळाडू बाहेरचेही असतात, क्लबकडे कायम राहते ती पेठ. आमच्याही क्लबने 1950 च्या दशकात लोरेन्सो मार्केसहून, म्हणजे आजच्या मापुतोहून, मातातेऊला आणलं. तो दोन हंगामांत लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याचा भाऊ विसेंते 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये पेलेला रोखायला उभा होता. दोघेही बेलेममध्ये, म्हणजे लिस्बनमधल्या आमच्या पेठेत, जन्मलेले नव्हते आणि त्यांना परकं म्हणायची कुणाची छाती नाही.

आणि काहीजण आम्हाला लहान क्लब म्हणतात; लहान क्लब, लहान क्लब काय लावलंय? बेनफिका, स्पोर्टिंग आणि पोर्तो सोडून पोर्तुगालची लीग आजवर दोघांनीच जिंकली. 2001 मध्ये बोआविस्ताने, आणि त्याआधी 1946 मध्ये आम्ही, शेवटच्या दिवशी एल्वासमध्ये 2-1 जिंकून. 1955 मध्ये दुसऱ्यांदा जिंकत होतो. शेवटची चार मिनिटं उरली असताना स्पोर्टिंगने बरोबरी केली आणि लीग बेनफिकाला गेली. आमच्या म्हाताऱ्यांना ती चार मिनिटं 1946 पेक्षा जास्त पाठ आहेत.

मला स्वतःला 30 जानेवारी 1938 जास्त आवडते. सालेझियास या आमच्या जुन्या मैदानावर पोर्तुगाल विरुद्ध फ्रँकोचा स्पेन. सगळ्यांनी हात पुढे करून फॅसिस्ट सलाम करायचा होता. आमारो आणि सिमोइंश यांनी मूठ वळली, आर्तुर क्वारेश्माने हात खालीच ठेवले. तिघेही बेलेनेन्सेसचे. पोलिसांनी नंतर चौकशीला नेलं. यातला क्वारेश्मा पुढे 1946 च्या विजेत्या संघातही होता.

क्लबचं सगळंच मला गोड लागतं असं नाही. तो 1919 मध्ये बेलेमच्या ज्या चौकातल्या बाकावर ठरला असं सांगतात, तो चौक आफोंसो द आल्बुकर्कच्या नावाचा. 1510 मध्ये गोवा घेणारा तोच. उंच खांबावर त्याचा पुतळा आहे. जर्सीवरचा क्रूस वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता. पणजीच्या एका मैत्रिणीने विचारलं, "आणि हे तू छातीवर घालतोस?" घालतो. तिला पटेल असं उत्तर मात्र मी अजून देऊ शकलेलो नाही.

आता माझ्याशीच भांडण. 2018 मध्ये मी म्हणायचो की कंपनी म्हणजे चोर, आम्ही निर्मळ. पण शेअर कुणी विकले? क्लबनेच. डोक्यावर कर्ज होतं, पैसे आणणारा दुसरा कुणी दारात नव्हता, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये राहायचं तर पैसा लागतो. कंपनीने त्यानंतर टीम वर आणली, 2015 मध्ये युरोपातही खेळवली. तेव्हा रेस्तेलोत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा 51 टक्के कुणाकडे आहेत हे मी विचारलं नव्हतं. मग 2018 चा मी कुरकुरतो: म्हणून काय त्यांच्या मागे जामोरला जायचं होतं? नाही. तिथे मी गेलो नाही आणि आजही गेलो नसतो. जिल्ह्याच्या डिव्हिजनमध्ये अर्धवट ओळखीच्या पोरांना बघायला हजारो माणसं रेस्तेलोत यायची, गोल झाला की मागे ताग्युस नदी दिसायची. पाच हंगामांत पाच बढत्या, सहाव्या पायरीवरून दुसऱ्या (मधेच एक नवी पायरी वाढली, म्हणून चाराऐवजी पाच). तेवढ्यात बी-साद पहिल्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात घसरला. 2023 मध्ये तर चक्क ते खाली जात होते तेव्हा आम्ही वर येत होतो.

यावर मी कॅफेत मोठ्याने बोललो होतो की न्याय झाला. आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी आम्ही परत खाली, तिसऱ्यात.

आणि हेही ऐका, कारण हे कुणी विचारतच नाही: पोर्तुगालच्या वरच्या दोन डिव्हिजनमध्ये खेळायचं तर कायद्याने क्लबला फुटबॉलसाठी कंपनी लागतेच. म्हणजे आम्ही जितके जिंकू तितके त्याच दाराशी येणार. सगळे शेअर क्लबकडेच ठेवून कंपनी काढता येते. पण मग पैसा कुठून आणायचा, हा 2012 चाच प्रश्न. सभासदांच्या सभेत पुन्हा गुंतवणूकदाराचा विषय निघाला तर हात वर करणार का, असं मला त्या खवचट मित्राने विचारलं. आज विचाराल तर नाही. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणखी पाच वर्षं काढल्यावर विचारा.