सात सरोवरे आणि एक बाटली पाणी

निघण्याच्या आदल्या रात्री म्युनिकच्या घरी माझी सॅक पाहून भाच्याने तीतून दोन पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि म्हणाला, ''मामा, एवढं पाणी कशाला? आपण सात सरोवरांच्या खोऱ्यात चाललोय.'' नाशिकहून हरिहर, रामशेज, अंजनेरी अशा वाऱ्या गेली वीसेक वर्षे करणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद पटायला नको होता. कारण गडावर टाके आहे एवढे कळून भागत नाही, त्यातले पाणी पिण्याजोगे आहे का हेही विचारावे लागते, हे आपल्याकडे कोणताही भटका सांगेल. पण परक्या मुलखात भाचाच वाटाड्या असल्यामुळे मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याची किंमत तिसऱ्या दिवसापर्यंत मोजत राहिलो.

आम्ही निघालो होतो स्लोव्हेनियातील त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात. देशातले हे एकमेव राष्ट्रीय उद्यान ज्युलियन आल्प्समध्ये सुमारे ८४० चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि त्याचे नाव २८६४ मीटर उंचीच्या त्रिग्लाव शिखरावरून, म्हणजे 'तीन मस्तकांच्या' डोंगरावरून, पडले आहे. हे शिखर स्लोव्हेनियाच्या राजमुद्रेवरही आहे. सात सरोवरांच्या खोऱ्याला संरक्षण मिळाले ते १९२४ साली, आणि पुढे उद्यान वाढत वाढत १९८१ मध्ये साधारण आजच्या विस्ताराला आले. आमचा बेत शिखराचा नव्हता. बोहिन्य सरोवराच्या बाजूने चढायचे, दोन रात्री डोंगरातल्या हटमध्ये, म्हणजे भटक्यांच्या मुक्कामाच्या घरात, काढायच्या आणि पलीकडच्या त्रेंता खोऱ्यात उतरायचे, एवढाच होता.

चढाईचा आरंभ सावित्सा धबधब्याजवळून, ६५३ मीटरवरून होतो. ७८ मीटरचा हा धबधबा आपल्या धबधब्यांसारखा कड्याच्या माथ्यावरून कोसळत नाही. तो कड्याच्या मध्यातूनच, खडकाच्या पोटातून बाहेर पडतो. वर ओढा नाही, नदी नाही, आणि तरी भर सप्टेंबरात एवढे पाणी. तेव्हा मला ती केवळ गंमत वाटली. तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी दुपारी कळला.

येथून वर जायला दोन वाटा आहेत. एक कोमार्चा नावाच्या कड्यातून, लोखंडी दोर आणि खुंट्यांच्या आधाराने सरळ वर जाते. भाच्याची इच्छा तीच होती आणि ''हरिहर चढणाऱ्याला काय अवघड आहे?'' असे म्हणून त्याने मला डिवचूनही पाहिले. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांना हाताची बोटे रुतवायला खोबण्या आहेत आणि तो टप्पा थोडक्यात संपतो. येथे तासन्‌तास कड्याला चिकटून राहायचे, तेही पाठीवर तीन दिवसांचे ओझे घेऊन, हे चौपन्नाव्या वर्षी मला मंजूर नव्हते. आम्ही दुसरी वाट धरली. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर रसद पोहोचवण्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने खेचरांसाठी बांधलेली ही वाट बीच वृक्षांच्या रानातून वळणे घेत इतक्या बेताच्या चढाने जाते की दम लागण्यापूर्वीच पुढचे वळण येते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अभियंत्यांना मी मनोमन हात जोडले.

वाटभर खडकांवर आणि झाडांवर तांबडे कडे आणि त्यात पांढरा ठिपका अशी खूण रंगवलेली होती. अलोइझ क्नाफेल्त्स यांनी १९२२ मध्ये सुचवलेली ही खूण आता देशभरच्या डोंगरवाटांवर एकसारखी आहे. पावसाळ्यात धुक्यात वाट चुकून कळसूबाईच्या परिसरात रात्र काढलेल्या माणसाला त्या साध्या ठिपक्याचे मोल विशेष वाटते. आपल्याकडचे बाण प्रत्येक मंडळ आपापल्या रंगाने काढते आणि त्यातले काही मला तरी थेट दरीकडे बोट दाखवताना आढळले आहेत.

अडीच तासांत कोम्नाच्या हटवर पोहोचलो. ही जागा १५२० मीटरवर, म्हणजे आपल्या साल्हेरपेक्षा थोडीच खाली. जेवणात बहुतेक सूपांत डुकराचे मांस असते, म्हणून शाकाहारी माणसाने आधी विचारून घेतलेले बरे. मला मिळाले ते आयदोवी झ्गान्त्सी, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा घट्ट, मोकळा केलेला उकडीसारखा पदार्थ. त्यावर एरवी चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते नको म्हटल्यावर सोबत आंबट दुधाचा वाडगा आला. दही-उकड खाल्ल्याचे समाधान झाले आणि पोटही भरले.

संध्याकाळी त्रिग्लाव सरोवरांच्या हटवर पोहोचलो, तेव्हा भाच्याने मोबाइलवर उंची दाखवली : १६८५ मीटर. कळसूबाई १६४६. म्हणजे त्या रात्री आम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून ३९ मीटर उंचीवर, लाकडी पलंगावर, पांघरूण घेऊन झोपणार होतो. हटचे शिस्तपालन सासुरवाडीसारखे कडक असते. बूट दाराशी काढून सपाता घालायच्या, अंथरुणावर स्वतःची पातळ कापडी पिशवी पसरल्याशिवाय झोपायचे नाही, आणि रात्री दहानंतर कुजबुजसुद्धा नाही. आमच्या दालनात घोरणारा मी एकटाच नव्हतो, एवढे भाच्याने सकाळी कबूल केले.

हटच्या दारापुढेच जोडसरोवर आहे. पाणी वाढले की त्याचे दोन भाग एक होतात, ओसरले की वेगळे पडतात. सातांचा हिशेब पुरा करताना ते दोन धरले जातात. त्या काठावर हात-पाय धुण्याची माझी हौस हटवाल्याने नम्रपणे मोडून काढली. या सरोवरांत उतरायला मनाई आहे. येथे बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी पाण्यातले नैसर्गिक गणित बिघडवले आणि शेवाळ माजले, असे त्याने सांगितले. पिण्याचे पाणी आम्ही जवळच्या झऱ्यावरून घेतले, प्रत्येकी एकच लिटर. बाकीच्या बाटल्या म्युनिकच्या स्वयंपाकघरात होत्या.

दुसऱ्या दिवसाची वाट खोऱ्यातून उत्तरेकडे चढत जाते, आणि अर्ध्या तासात झाडे संपून आधी खुरटे पाइन आणि मग नुसता पांढरा खडक उरतो. मूत्रपिंडाच्या आकाराचे लेद्वित्सा सरोवर सातांत सर्वांत मोठे. त्याच्या काठी आम्ही बराच वेळ बसलो. पुढचे हिरवे सरोवर, आणि त्यापुढचे तांबूस, ज्याला तेथील लोक सरोवर न म्हणता सरळ डबके म्हणतात. पाण्याच्या इतक्या सान्निध्यात चालत असूनही दुपारी बारा वाजता माझी बाटली कोरडी झाली होती आणि जवळपास वाहते पाणी म्हणून थेंबभर नव्हते.

येथे सावित्साचा अर्थ लागला. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळ्या पाषाणाचा. त्यात कोरलेले टाके पाणी धरून ठेवते, म्हणून साल्हेरच्या माथ्यावर गंगासागर तलाव भरलेला असतो. ज्युलियन आल्प्स मात्र चुनखडीचे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीला विरघळवते आणि प्रत्येक भेगेतून खाली नाहीसे होते. त्या खडकावर बोटभर रुंदीच्या, धारदार कडांच्या चऱ्या पडलेल्या होत्या, जणू कोणी पाट्याला टाकी लावता लावता काम अर्ध्यावर सोडून दिले होते. अशा भूरूपाला जगभर 'कार्स्ट' म्हणतात, आणि तो शब्द याच देशातल्या क्रास नावाच्या पठारावरून आला आहे. माथ्यावर कोरड पडणे आणि पायथ्याच्या कड्यातून नदी उसळणे ही एकाच गोष्टीची दोन टोके होती. ब्रह्मगिरीच्या पोटातून गोदावरी येते हे ऐकत वाढलेल्या नाशिककराला हे खरे तर आधीच सुचायला हवे होते.

प्रेहोदावत्सीची हट २०७१ मीटरवर, खिंडीच्या माथ्यावर एखाद्या चौकीसारखी बसलेली आहे. अशा उंचावर छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवून वापरावे लागते, त्यामुळे तोंड धुवायलाही नळ नाही, आणि प्यायचे पाणी बाटलीतच विकत मिळते. दीड लिटरच्या बाटलीसाठी मोजलेल्या युरोंचे मनात रुपये करायचे नाहीत असे मी ठरवले होते, ते पहिल्याच घोटाला मोडले. तक्रार मात्र करवेना, कारण हटपर्यंत गाडी जात नाही, तेथली प्रत्येक वस्तू डोंगर चढून किंवा आकाशातून आलेली असते. भाच्याने अपराधी चेहऱ्याने पैसे दिले आणि ती बाटली दोघांत मोजून वाटली.

सूर्य मावळताना हटखालच्या कड्यावर चार आयबेक्स, म्हणजे आल्प्समधले रानबोकड, आले. मागे वळलेली जाड शिंगे, आणि उभ्या कड्यावर आपण अंगणात फिरतो तसे निवांत चालणे. हटवालीने मग झ्लातोरोगची गोष्ट सांगितली : सोनेरी शिंगांचा पांढरा शॅमॉय (डोंगरातला शेळीसारखा रानटी प्राणी), त्याच्या शिंगांच्या लोभाने त्याला गोळी घालणारा शिकारी, आणि जखमी प्राण्याच्या रक्तातून उगवलेली फुले. ती खाऊन झ्लातोरोग बरा झाला, शिकारी कड्यावरून कोसळला, आणि संतापलेल्या झ्लातोरोगने शिंगांनी सारी हिरवी कुरणे उखडून टाकली. म्हणून हे खोरे असे ओसाड. चुनखडी विरघळण्याच्या स्पष्टीकरणापेक्षा ही गोष्ट जास्त चांगली आहे, यात मला शंका नाही.

तिसऱ्या दिवशीचा उतार लांबलचक, सुमारे चौदाशे मीटरचा. त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की गुडघ्यांना चढ नव्हे, उतार म्हातारा करतो, आणि दोन काठ्या नसत्या तर मी बसूनच उतरलो असतो. हटमध्ये कचऱ्याची टोपली नसते. आपला कचरा आपणच खाली न्यायचा. त्यामुळे रिकामी बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात प्रत्येक पावलागणिक चुरचुरत होती. झाद्न्यीत्साच्या खोऱ्यात झाडी सुरू झाली, मग कुठूनतरी आवाज आला, आणि वळणावर खडकातून फुटलेला ओढा दिसला. पुढे तो सोचा नदीला मिळतो, जिचा रंग हिरवा म्हणावा की निळा यावर आम्ही दोघे बसथांब्यापर्यंत वाद घालत होतो.

त्रेंतामधल्या थांब्याजवळ एक लाकडी पन्हळ होती, तिच्यातून बारीक धार सतत वाहत होती आणि गावातली एक आजी तेथे डबा भरत होती. ''पिण्याचं आहे का?'' असे भाच्याने खुणेनेच विचारले. तिने मान हलवली, स्वतःचा डबा बाजूला घेतला आणि आम्हाला जागा करून दिली. वरून आणलेली ती दीड लिटरची बाटली मी काठोकाठ भरली, अर्धी तेथेच उभ्याने प्यालो आणि पुन्हा भरून घेतली. वर्षिच खिंडीची चढ-उताराची पन्नास वळणे घेत बस पलीकडे उतरेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती, आणि भाच्याने एकदाही मागितली नाही.